लष्करी तळांवरील ऊर्जाबचत प्रकल्पांचे लेखापरीक्षण

लष्करी तळांवरील ऊर्जाबचत प्रकल्पांचे लेखापरीक्षण म्हणजे सरकारी निधीतून किंवा सरकारने दिलेल्या हमीवर लष्करी तळ, छावण्या, नौदल व हवाई दलाची ठाणी येथे राबविलेल्या ऊर्जाबचतीच्या कामांची स्वतंत्र तपासणी होय. मंजूर झालेली रक्कम नियमानुसार खर्च झाली का, ठरलेली यंत्रसामग्री बसविली गेली का आणि जाहीर केलेली बचत प्रत्यक्षात झाली का, हे तीन प्रश्न या तपासणीच्या केंद्रस्थानी असतात. त्यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत अवघड मानला जातो. वापरलेली वीज मीटरवर दिसते. न वापरलेली वीज कोणत्याही मीटरवर दिसत नाही. त्यामुळे बचत ही नेहमी तुलनेतून काढलेली संख्या असते आणि तुलनेचा पाया चुकला, तर झालीच नाही अशा बचतीपोटी सार्वजनिक पैसा दिला जाण्याचा धोका असतो.

पार्श्वभूमी

लष्करी तळ हे ऊर्जावापराच्या दृष्टीने एखाद्या लहान शहरासारखे असतात. बराकी, कुटुंबीयांची निवासस्थाने, रुग्णालये, भटारखाने, कार्यशाळा, शीतगृहे, पाणीपुरवठ्याचे पंप, रस्त्यांवरील दिवे आणि संपर्कयंत्रणा यांना अखंड वीज लागते. अनेक इमारती जुन्या असतात. वीजदेयक भरणारा विभाग आणि प्रत्यक्ष वीज वापरणारी तुकडी वेगवेगळी असल्याने काटकसरीची प्रेरणाही कमी असते. म्हणूनच जुने दिवे, पंप, वातानुकूलन यंत्रे व बाष्पके बदलण्याच्या कामांना अशा ठिकाणी मोठा वाव असतो.

या कामांसाठी निधी प्रामुख्याने तीन प्रकारे मिळतो. पहिल्या प्रकारात सरकार अर्थसंकल्पातून थेट तरतूद करते. दुसऱ्या प्रकारात प्रकल्प व्यवहार्य व्हावा म्हणून खर्चाचा काही भाग अनुदानरूपाने दिला जातो. तिसऱ्या प्रकारात खासगी किंवा सार्वजनिक ऊर्जासेवा कंपनी सुरुवातीचा खर्च स्वतः करते आणि पुढील अनेक वर्षे वीजदेयकात होणाऱ्या बचतीतून तिचा परतावा घेते. या तिसऱ्या प्रकारास बचत-हमी करार म्हणता येईल. वरकरणी त्यात सरकारचा एक रुपयाही गुंतत नाही. मात्र परतावा बचतीच्या आकड्यावर अवलंबून असल्याने तो आकडा फुगला, तर नुकसान सरकारचेच होते. त्यामुळे लेखापरीक्षणाची गरज या प्रकारात सर्वाधिक असते.

ऊर्जा परीक्षण आणि लेखापरीक्षण यांतील फरक

सामान्य व्यवहारात 'एनर्जी ऑडिट' आणि 'ऑडिट' या शब्दांची गल्लत होते. भारताच्या ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ नुसार ऊर्जा परीक्षणात ऊर्जावापराची पडताळणी, देखरेख व विश्लेषण येते. कार्यक्षमता वाढविण्याच्या शिफारशी, त्यांचे खर्च-लाभ विश्लेषण आणि कृती आराखडा असलेला तांत्रिक अहवालही त्यात येतो. हे काम प्रामुख्याने प्रकल्पापूर्वीचे असते आणि ते अभियंते करतात.

लेखापरीक्षण हे प्रकल्प सुरू असताना किंवा झाल्यानंतर केले जाते आणि त्याचा अहवाल निधी मंजूर करणाऱ्या सत्तेकडे, अंतिमतः संसदेकडे, जातो. त्याचे दोन प्रमुख प्रकार येथे लागू पडतात. अनुपालन लेखापरीक्षणात निविदा, मंजुरी, देयके व करारातील अटी यांचे पालन तपासले जाते. कामगिरी लेखापरीक्षणात काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता या तीन कसोट्यांवर योजना तपासली जाते. निविदा निर्दोष, देयके बिनचूक आणि तरीही बचत शून्य, असे घडू शकते. अशा प्रकल्पास अनुपालनाच्या कसोटीवर दोष देता येत नाही. कामगिरीच्या कसोटीवर मात्र तो अयशस्वी ठरतो.

आधारभूत वापर

प्रकल्प झाला नसता तर जेवढी ऊर्जा लागली असती, त्या अंदाजास आधारभूत वापर म्हणतात. त्यातून प्रत्यक्ष वापर वजा केला की बचत मिळते. मात्र प्रकल्पापूर्वीच्या वर्षाचे देयक आणि नंतरच्या वर्षाचे देयक यांची सरळ वजाबाकी करणे बहुधा चुकीचे ठरते. दोन वर्षांत हवामान वेगळे असते, इमारतींची संख्या बदलते, कामाचे तास बदलतात.

लष्करी तळावर ही अडचण अधिक तीव्र असते. एखादी पलटण सरावासाठी किंवा सीमेवर रवाना झाली की तिच्या बराकी काही महिने रिकाम्या राहतात आणि तळाचा वीजवापर आपोआप घटतो. ही घट नव्या दिव्यांच्या खात्यावर जमा करणे योग्य नाही. उलट, नवी तुकडी दाखल झाल्यावर वापर वाढला, तर प्रकल्प फसला असेही म्हणता येत नाही. म्हणून तापमान, राहणाऱ्यांची संख्या, वापराचे तास व इमारतींचे क्षेत्रफळ यांनुसार आधारभूत वापरात समायोजन करावे लागते. समायोजनाचे सूत्र प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे, अशी अपेक्षा असते. नंतर ठरविलेले सूत्र सोयीच्या उत्तराकडे झुकण्याची शक्यता असते.

मोजमापाच्या पद्धती

बचतीच्या मोजमापासाठी जगभर वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय संकेत १९९० च्या दशकात अमेरिकेत आकारास आला. त्यात चार पर्याय दिलेले आहेत.

पहिल्या पर्यायात एक महत्त्वाचा घटक प्रत्यक्ष मोजतात आणि उरलेले गृहीत धरतात. उदाहरणार्थ, दिव्याची वॅट क्षमता मोजायची व वापराचे तास गृहीत धरायचे. हा पर्याय सर्वांत स्वस्त, पण गृहीतकांवर विसंबलेला आहे. दुसऱ्या पर्यायात बदललेल्या यंत्रणेचा संपूर्ण वापर स्वतंत्र मीटरने मोजतात. तिसऱ्या पर्यायात संपूर्ण इमारतीच्या किंवा तळाच्या मीटरवरील नोंदींचे विश्लेषण करतात. चौथ्या पर्यायात संगणकीय प्रारूप तयार करून ते प्रत्यक्ष नोंदींशी जुळवून घेतात.

लेखापरीक्षक कोणता पर्याय वापरला गेला, तो का निवडला आणि गृहीतकांना पुरावा काय, हे पाहतो. मोजमापावरचा खर्च बचतीच्या मानाने वाजवी असणेही आवश्यक असते. काही हजारांच्या बचतीसाठी लाखांची मीटरयंत्रणा बसविणे हीदेखील उधळपट्टीच ठरते.

आकडेमोडीचे उदाहरण

पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. एका छावणीत ५०० जुन्या नळीदिव्यांच्या जागी एलईडी दिवे बसविले. चोकसह जुना दिवा ५२ वॅट आणि नवा दिवा २० वॅट वीज घेतो. प्रत्येक दिव्यामागे ३२ वॅट, म्हणजे एकूण १६ किलोवॉट भार कमी झाला. प्रकल्प अहवालात वर्षाला ३,००० तास वापर गृहीत धरला आहे. त्यानुसार वार्षिक बचत ४८,००० युनिट आणि युनिटला ९ रुपये दराने ४,३२,००० रुपये होते.

लेखापरीक्षणात दिव्यांवर तास मोजणारी उपकरणे बसविली असता प्रत्यक्ष वापर १,८०० तासच असल्याचे दिसले, तर बचत २८,८०० युनिट, म्हणजे २,५९,२०० रुपये इतकी उरते. जुन्या ५०० दिव्यांपैकी १०० दिवे आधीच बंद पडलेले होते, असे भांडाराच्या नोंदींवरून आढळले, तर चित्र आणखी बदलते. मूळचा प्रत्यक्ष भार २६ नसून २०.८ किलोवॉट होता. नव्या ५०० दिव्यांचा भार १० किलोवॉट आहे. खरी घट १०.८ किलोवॉट, म्हणजे १९,४४० युनिट व १,७४,९६० रुपये इतकी होते.

या उदाहरणात एकही खोटे देयक नाही आणि एकही दिवा कमी बसविलेला नाही. तरीही अहवालातील बचत प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे अडीच पट आहे. दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. बंद दिव्यांच्या जागी नवे दिवे लागल्याने उजेड वाढला, हा खरा लाभ आहे. मात्र त्याची नोंद सुविधावाढ म्हणून व्हावी, वीजबचत म्हणून नव्हे.

अमेरिकेतील अनुभव

बचत-हमी करारांचा लष्करी तळांवरील सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेचा आहे. तेथील केंद्रीय विभागांना असे करार करण्याचा अधिकार १९८० च्या दशकाच्या मध्यास मिळाला आणि १९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्याने तो विस्तारला. कराराची मुदत २५ वर्षांपर्यंत असू शकते. कंपनीला दिली जाणारी रक्कम बचतीपेक्षा अधिक नसावी आणि बचतीची पडताळणी दरवर्षी व्हावी, अशी अट आहे.

लुइझियाना राज्यातील फोर्ट पोक या लष्करी तळाचे उदाहरण या विषयात वारंवार दिले जाते. १९९० च्या दशकाच्या मध्यास तेथील कुटुंबीयांच्या ४,००३ निवासस्थानांत जमिनीतील स्थिर तापमानाचा उपयोग करणारे उष्णता-पंप बसविण्यात आले. सोबत दिवे बदलणे व पाण्याची बचत करणाऱ्या तोट्या बसविणे ही कामेही झाली. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने या प्रकल्पाचे स्वतंत्र मूल्यमापन करून १९९८ मध्ये अहवाल दिला. निवासी भागाला वीज पुरविणाऱ्या वाहिन्यांवर दर १५ मिनिटांनी घेतलेल्या नोंदींवरून वीजवापर सुमारे ३३ टक्क्यांनी, तर उन्हाळ्यातील कमाल मागणी सुमारे ४३ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले. कंपनीच्या दाव्यावर न विसंबता त्रयस्थ संस्थेने प्रकल्पापूर्वी व नंतर मोजलेल्या नोंदी, हे या मूल्यमापनाचे बलस्थान मानले जाते.

सर्वच प्रकल्पांचे चित्र इतके स्पष्ट नव्हते. अमेरिकी संसदेसाठी लेखापरीक्षण करणाऱ्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २००५ च्या अहवालात अशा करारांचे लाभ मान्य केले. सरकारचे हित जपण्यासाठी अधिक दक्षता हवी, असेही नमूद केले. त्याच कार्यालयाच्या २०१५ च्या अहवालात सैन्यदलांसह सात विभागांच्या करारांपैकी २० प्रकल्प नमुन्यादाखल तपासण्यात आले. त्यांपैकी १४ प्रकल्पांच्या वार्षिक अहवालांत बचत प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखविली होती. याचे एक कारण असे की, प्रकल्पानंतर काही ठिकाणी इमारतींचा वापर बदलला होता किंवा बसविलेली उपकरणे काढून टाकली होती. तरीही करारातील गृहीतकांनुसार त्यांची बचत मोजली जात होती. अशा बदलांची जबाबदारी कंपनीवर नसल्याने करारभंग होत नव्हता. मात्र कोणती बचत प्रत्यक्षात मिळत नाही, हे काही ठिकाणी संबंधित विभागासही ठाऊक नव्हते. हा नमुना लहान असल्याने त्यावरून सर्व करारांबाबत सरसकट निष्कर्ष काढता येत नाही, हे अहवालाने स्पष्ट केले आहे.

भारतातील व्यवस्था

भारतीय सैन्यदलांच्या स्थावर मालमत्तेची बांधकामे, देखभाल, पाणी व वीजपुरवठा ही कामे १९२३ मध्ये स्थापन झालेली मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस ही संघटना पाहते. स्थानिक पातळीवर गॅरिसन इंजिनिअर हा अधिकारी वीजवितरण व देयके यांस जबाबदार असतो. महाराष्ट्रात पुणे, खडकी, खडकवासला, देवळाली, अहिल्यानगर, लोणावळा व मुंबई येथे तिन्ही दलांची मोठी केंद्रे आहेत. लष्कराच्या दक्षिण कमानीचे मुख्यालय पुण्यात आहे.

तपासणीची व्यवस्था द्विस्तरीय आहे. देयके तपासून अदा करणे व अंतर्गत लेखापरीक्षण करणे ही कामे रक्षा लेखा विभाग करतो. या विभागाचे दक्षिण कमानीसाठीचे प्रधान नियंत्रक कार्यालय पुण्यात आहे. बाह्य लेखापरीक्षण भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. संविधानाच्या अनुच्छेद १४८ ते १५१ मध्ये या पदाची तरतूद असून कर्तव्ये व अधिकार १९७१ च्या अधिनियमाने निश्चित केले आहेत. संरक्षण सेवांवरील अहवाल राष्ट्रपतींना सादर होऊन संसदेपुढे ठेवले जातात आणि लोकलेखा समिती त्यांतील निवडक मुद्द्यांची छाननी करते.

वीजखर्चाच्या संदर्भात लेखापरीक्षक अनेकदा अगदी साध्या बाबी तपासतात. वीजकंपनीशी ठरलेली कमाल मागणी, म्हणजे 'कॉन्ट्रॅक्ट डिमांड', प्रत्यक्ष गरजेपेक्षा फार जास्त असेल, तर न वापरलेल्या क्षमतेचाही आकार भरावा लागतो. पॉवर फॅक्टर कमी राहिल्यास दंड बसतो. चुकीच्या ग्राहकवर्गाचा दर लागल्यास वर्षानुवर्षे जादा रक्कम जाते. अशा त्रुटी दूर केल्याने पैसा वाचतो, पण ऊर्जा वाचतेच असे नाही. म्हणून पैशाची बचत व ऊर्जेची बचत यांची नोंद वेगवेगळी ठेवणे आवश्यक असते.

सौर प्रकल्पांचे लेखापरीक्षण

संरक्षण आस्थापनांवर ३०० मेगावॉटहून अधिक क्षमतेचे सौर प्रकल्प उभारण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ च्या अखेरीस मंजूर केली. त्यासाठी राष्ट्रीय सौर मोहिमेतून ७५० कोटी रुपयांपर्यंत व्यवहार्यता तूट निधी ठेवण्यात आला आणि देशी बनावटीचे सौरघट व पॅनेल वापरण्याची अट घालण्यात आली. नौदलाने केरळमधील एळिमला येथे २०२० मध्ये ३ मेगावॉटचा, तर महाराष्ट्रात उरणजवळील करंजा येथे २०२१ मध्ये २ मेगावॉटचा सौर प्रकल्प कार्यान्वित केला.

सौर प्रकल्पात निर्माण झालेली वीज मीटरवर मोजता येते, त्यामुळे त्याचे लेखापरीक्षण तुलनेने सोपे असते. तरीही काही प्रश्न उरतात. पॅनेल खरोखर देशी बनावटीचे आहेत का, प्रकल्प अहवालातील अपेक्षित उत्पादन व प्रत्यक्ष उत्पादन यांत किती तफावत आहे, धूळ साचल्याने किंवा उपकरण नादुरुस्त राहिल्याने किती दिवस उत्पादन घटले, निर्मिती सुरू झाल्यावर वीजकंपनीशी असलेला मागणी-करार सुधारला का, आणि पहिल्या काही वर्षांनंतर देखभालीची तरतूद कोणी करायची, हे त्यांपैकी प्रमुख होत.

वारंवार आढळणारे दोष

निरनिराळ्या देशांतील अनुभवावरून अशा प्रकल्पांतील काही दोष सर्वसाधारण मानले जातात. प्रकल्पापूर्वीच्या वापराची नोंद न ठेवणे हा त्यांतील सर्वांत गंभीर दोष होय, कारण जुनी यंत्रे भंगारात गेल्यावर ती नोंद पुन्हा मिळविता येत नाही. एकाच मीटरवर अनेक इमारती असणे, बचत मोजण्याचे काम बचतीवर परतावा घेणाऱ्या कंपनीकडेच सोपविणे, वर्षाअखेरीस निधी परत जाऊ नये म्हणून घाईने खरेदी करणे, हमीकाळानंतर देखभाल थांबणे आणि लवकरच पाडावयाच्या इमारतीत नवी यंत्रणा बसविणे हे इतर दोष होत. अधिकाऱ्यांच्या वारंवार बदल्या होत असल्याने दीर्घ मुदतीच्या कराराची माहिती असणारी व्यक्ती तळावर उरत नाही, ही सैन्यदलांतील विशेष अडचण आहे.

मर्यादा

लष्करी तळाचा तपशीलवार वीजवापर ही संवेदनशील माहिती असते. त्यावरून तळावरील मनुष्यबळ, हालचाली व यंत्रणांचा अंदाज बांधता येऊ शकतो. त्यामुळे अशा प्रकल्पांची संपूर्ण आकडेवारी नागरिकांसाठी खुली नसते. नागरी प्रकल्पात वृत्तपत्रे, अभ्यासक व माहिती अधिकाराचा वापर करणारे नागरिक जी तपासणी करू शकतात, ती येथे फारशी शक्य होत नाही. परिणामी घटनात्मक लेखापरीक्षकाची जबाबदारी अधिक वाढते. याशिवाय काही कामांत ऊर्जाबचत हा एकमेव हेतू नसतो. इंधनाची वाहतूक कमी करणे किंवा बाहेरचा वीजपुरवठा तुटला तरी तळ चालू ठेवणे, हे लाभ केवळ रुपयांत मोजता येत नाहीत.

नागरी प्रकल्पांशी साम्य

हीच तत्त्वे सार्वजनिक पैशांतून होणाऱ्या नागरी कामांनाही लागू पडतात. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमात केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी स्थापलेली ईईएसएल ही कंपनी एलईडी दिव्यांचा सुरुवातीचा खर्च करते आणि स्थानिक स्वराज्य संस्थांकडून तो टप्प्याटप्प्याने वसूल करते. तेथेही जुन्या दिव्यांपैकी किती चालू होते आणि ते किती तास जळत होते, हेच प्रश्न निर्णायक ठरतात.

सांगली व सातारा जिल्ह्यांतील उपसा सिंचन योजना हे आणखी एक उपयुक्त उदाहरण आहे. शिराळा तालुक्यातील वाकुर्डे बुद्रुक योजना वारणेचे पाणी उचलते. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या योजना कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांकडे नेतात. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या योजनांच्या वीजदेयकाचा ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के भार लाभधारक शेतकऱ्यांनी उचलण्याचे सूत्र स्वीकारले गेले. त्यामुळे पंपांच्या कार्यक्षमतेचा संबंध शासनाच्या तिजोरीशी आणि शेतकऱ्याच्या पाणीपट्टीशीही येतो.

एक हजार घनमीटर पाणी एक मीटर उंच उचलण्यास किमान सुमारे २.७२ युनिट ऊर्जा लागते. शंभर मीटर उंचीसाठी ही मर्यादा सुमारे २७२ युनिट होते. पंप व मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ७० टक्के असल्यास प्रत्यक्ष वापर सुमारे ३८९ युनिट, तर ८० टक्के असल्यास सुमारे ३४१ युनिट होतो. म्हणून पंप बदलल्यानंतरची बचत वार्षिक देयकावरून न ठरविता दर हजार घनमीटर पाण्यामागे लागलेल्या युनिटांवरून ठरवावी लागते. २०१८ मध्ये जत, आटपाडी आदी तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तर ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व वारणा या नद्यांना महापूर आला. अशा दोन लागोपाठच्या वर्षांच्या देयकांची तुलना केल्यास पावसामुळे झालेली घट पंपांची कामगिरी म्हणून मोजली जाण्याची शक्यता असते. पलटण बाहेर गेल्यामुळे रिकाम्या पडलेल्या बराकीतील 'बचत' आणि पावसामुळे बंद राहिलेल्या पंपाची 'बचत' या एकाच स्वरूपाच्या चुका आहेत आणि त्या ओळखण्याचा मार्गही एकच आहे: काम सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी जपणे, वापरावर परिणाम करणारे घटक त्याच वेळी लिहून ठेवणे आणि मोजमाप त्रयस्थाकडे सोपविणे.